सईला तिकीट लागत नाही

मिरज स्टेशनवर आमच्या सामानाचे अकरा नग होते. दहा आमचे आणि एक आईचा. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळे पोचवायला आलेली प्रत्येक बाई तिळगुळाची आणखी एक पुडी हातात कोंबत होती. शेजारच्या शिंदेकाकूंनी आईच्या घराची किल्ली पदराच्या टोकाला बांधून घेतली आणि डोळे पुसले. मीही पुसले. खरं सांगायचं तर मला रडू फारसं येत नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं. माझ्या नवऱ्याची, निखिलची, बदली कोलकात्याला, रेल्वेच्या गार्डन रीचच्या ऑफिसात झाली होती, आणि सई झाल्यावर सोडलेली नोकरी मला तिकडं न्यू टाउनमधल्या एका कंपनीत, पूर्वीपेक्षा वरच्या जागेवर मिळाली होती. सव्वादोन वर्षं मी घरात भाताची शितं वेचली होती. आता मला पुन्हा गळ्यात ओळखपत्र अडकवून लिफ्टमध्ये शिरायचं होतं. माहेरच्या फलाटावर उभं राहून इतका आनंद होणं बरं दिसत नाही, म्हणून मी डोळे पुसत होते, एवढंच.

आईचा तो एक नग म्हणजे खाकी कापडी पिशवी होती. ती तिनं हमालाच्या हाती दिली नाही. आत हिरवा खण, तांदळाची पुडी, हळदीकुंकवाचा करंडा आणि घरामागच्या माडाचा एक नारळ. कोलकात्याला जायचं आणि कालीमातेची ओटी भरायची नाही, हे तिला पटणारं नव्हतं. मी म्हटलं, "आई, नारळ तिकडंही मिळतात."

"मिळत असतील. आपल्या दारचा मिळतो का?"

आई पंधरा दिवसांसाठी येत होती. परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं, आणि पुण्याला तिला उतरवून घ्यायला मामा येणार होता. गाडी सुटली, शिंदेकाकू मागं गेल्या, आणि सईला मांडीवर घेत आईनं एक वाक्य उच्चारलं. पुढचे पंधरा दिवस ते माझ्या कानात वाजत राहिलं. ती म्हणाली, "मधू, मनासारखं पाळणाघर मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर पोरीला मी घेऊन जाते. वर्षभर राहील माझ्याजवळ. तिला काय, तिकीटही लागत नाही."

पाच वर्षांखालच्या पोराला रेल्वेत तिकीट नसतं. म्हणजे आयत्या वेळी, फलाटावर उभं राहूनसुद्धा, तिला उचलून नेता येत होतं.

सुजाता, तू परवा आपल्या दहावीच्या ग्रुपवर विचारलंस ना, "परक्या गावात डे-केअर कसं निवडलंस गं?" तू तिकडं कॅनडात, बर्फात, दीड वर्षाचं पोर घेऊन बसली आहेस. मी अंगठा दाखवून "सांगते" म्हटलं आणि गप्प बसले, कारण ते काही चार ओळींत सांगण्यासारखं नव्हतं. मिरजेत राहिलेल्यांनाही हे सांगायचंच होतं. तुम्हाला वाटतं आम्ही गेलो आणि सुटलो. तर ऐका.

आधी आईचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सई पोटात असताना बाबा गेले. आईनं टिकली काढून ठेवली. कुणी सक्ती केली नव्हती, उलट मी भांडले होते. पण ती हळदीकुंकवाची आमंत्रणंही टाळायला लागली. कुणी बोलवायला आलं की नेमकी तेव्हाच तिला गहू निवडायचे असायचे. मग सई झाली आणि आईचा दिवस सईच्या घड्याळावर चालायला लागला. तिची आंघोळ, तिची बाळगुटी, तिच्या मागं वाटी घेऊन अंगणात तीन फेऱ्या. त्यामुळे 'पोरीला मी नेते' हे ती माझ्या सोयीसाठी म्हणत होती की स्वतःच्या गरजेपोटी, हे मला ठरवता येत नव्हतं. तिलाही येत नसावं. मला राग यायचा, आणि राग आल्याबद्दल मग रडू यायचं. रिकाम्या घरात परतणाऱ्या बाईशी कसं भांडायचं?

बाबा नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी हॉटेलं आणि वसतिगृहं तपासली. त्यांचे दोन नियम आमच्या घरात वेदवाक्य होते. एक: "कुठंही गेलं की आधी मोरी बघायची. दिवाणखाना सगळेच आवरतात." दुसरा: "तपासणीला सांगून गेलं तर ती तपासणी नसते, तो पाहुणचार असतो." माझं लग्न ठरवताना त्यांनी निखिलच्या घरची मोरी बघितली होती, आणि अजून निखिल ते चारचौघांत सांगतो.

कोलकात्यानं मला पहिल्या आठवड्यातच खिशात टाकलं. गार्डन रीचच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरून नदी दिसायची आणि तिच्यातून जाणाऱ्या बोटींचे भोंगे ऐकू यायचे. सई प्रत्येक भोंग्याला उत्तर द्यायची. थंडी म्हणाल तर आपल्याकडच्या दिवाळीइतकी, पण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हिमालयात निघाल्यासारखा कानटोपी घालून. आई पहिले तीन दिवस हसली आणि चौथ्या दिवशी सईला लाल कानटोपी घेऊन आली. निखिलच्या ऑफिसातले घोषबाबू एका रविवारी आम्हाला बागबाजारला घेऊन गेले, गरम कचोऱ्या खाऊ घातल्या आणि मोठ्या प्रेमानं सांगितलं की पूर्वी तुम्हा मराठ्यांना शहरात शिरू न देण्यासाठी इथूनच खंदक खणायला घेतला होता. आई कचोरी चावत म्हणाली, "मग आम्ही आलोच की शेवटी." घोषबाबूंना मराठी कळत नाही, पण ते पोट धरून हसले.

पण दिवस जात होते. सोमवारी, म्हणजे आईच्या गाडीच्या दुसऱ्याच दिवशी, मला रुजू व्हायचं होतं.

माझी पहिली पसंती न्यू टाउनलाच होती. ऑफिसापासून चालत पाच मिनिटांवर, काचेच्या इमारतीत, भिंतींवर जिराफ, फरशीवर रंगीत गाद्या, आणि एक ॲप, ज्यात मी मीटिंगमध्ये बसूनसुद्धा सईला पाहू शकणार होते. मी तर हरखूनच गेले. पोर आईच्या जवळ हवी, हे आईचंच म्हणणं होतं, तेही साधत होतं. रोज गार्डन रीचहून तिला सोबत घेऊन शहर ओलांडायचं, सव्वा-दीड तास जायला, तितकाच यायला. पण आपण करू, असं मला वाटत होतं. मला तेव्हा सगळंच करू असं वाटत होतं. फॉर्म भरायला घेतला, आणि आईनं रिसेप्शनवरच्या मुलीला तिच्या मालिकांतल्या हिंदीत विचारलं, "बच्चों की मोरी किधर है?"

पालकांना रिसेप्शनच्या पुढं जाता येत नव्हतं. नियमच तसा होता, आणि मुलगी बिचारी नम्रपणे सांगत होती की सगळीकडं कॅमेरे आहेत, सगळं फोनवर दिसेल.

"कॅमेऱ्यात वास येतो का?" आईनं मला मराठीत विचारलं.

मी चिडले. टॅक्सीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. सई मात्र परतीच्या वाटेवर पाऊण तास रडली, मग ओकली, मग माझ्या नव्या कुर्त्यावर झोपली. ओला कुर्ता सावरत मी हिशेब केला की हे रोज दोनदा होणार, आणि माझा जिराफ तिथंच विरघळला. आई काहीच म्हणाली नाही. 'मी सांगितलं होतं' हे न बोलता सांगण्यात माझ्या आईचा हात कुणी धरू शकत नाही.

मग वाटेवरची, अधलीमधली चार-पाच ठिकाणं पाहिली. त्यातलं एक तर आम्ही बाबांच्या नियमानं, न सांगता, दुपारी दोनला गाठलं. घरात अंधार, पडदे ओढलेले, आणि वीस पोरं एका ओळीत गाढ झोपलेली. एकही हलत नव्हतं. सांभाळणारी बाईसुद्धा भिंतीला टेकून घोरत होती. आई दारातूनच मागं फिरली. "इतकी पोरं एका वेळी झोपतात कुठं? अफू देत असणार." मी म्हटलं, आई, अफूचे दिवस गेले. ती म्हणाली, तुला तर एक पोरसुद्धा धड झोपवता येत नाही. हे मात्र खरं होतं. दुपारच्या भातानंतरची झोप इकडं किती मनावर घेतात, हे मला नंतर कळलं. आता रविवारी दुपारी मीही तशीच घोरते. पण तेव्हा आम्ही दोघी त्या बाईकडं चोर पकडल्यासारख्या बघत बाहेर पडलो.

तेरावा दिवस उजाडला. आईनं सईचे स्वेटर वेगळे काढून घड्या घालायला सुरुवात केली. सहज, जाता-येता. एक स्वेटर, दोन फ्रॉक, मग तिचं चमच्याचं खेळणं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. कबूल करते सुजाता, त्या नळाखाली एक क्षण मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. वर्षभर नेऊ दे. मी नोकरी करीन, नदी बघीन, रात्री सलग झोपेन. मग बाहेर सईनं भोंग्याला उत्तर दिलं आणि त्या विचाराची मला भयंकर लाज वाटली.

त्याच दिवशी घोषबाबूंनी निखिलला सांगितलं, अरे, आमचा नातू जातो ना, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत, बुलामासीकडं. मासी म्हणजे आपली मावशी. पाटी नाही, ॲप नाही, जिराफ नाही. नऊ मुलं आहेत, दहावं घेईल की नाही ते तीच सांगेल. माझ्या ऑफिसपासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. "पण माझ्या ऑफिसपासून सात मिनिटांवर आहे," निखिल म्हणाला. "मीच सोडीन, मीच आणीन. पोर आईच्या जवळ हवी असं कुठं लिहिलंय? बापाच्या जवळ असली तर बिघडतं का?" तेरा दिवसांत हे आमच्या दोघींच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आईनं जावयाकडं असं बघितलं, जणू लग्नाआधी तिनंही त्याच्या घरची मोरी बघायला हवी होती. पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बारा वाजता, न सांगता गेलो. गल्लीतलं जुनं घर, तळमजला, खिडक्यांना हिरव्या झडपा. दार उघडंच होतं. आत लाल फरशीवर नऊ मुलं गोल करून बसलेली आणि मधे एक पन्नाशीची भरदार बाई. मोठ्ठी लाल टिकली, लाल काठाची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. समोर परातीएवढं ताट. त्यात मऊ भात, आणि भाताच्या कडेला रुई माशाचं पातळ कालवण.

मासा पाहून आईनं माझा दंड धरला. आपण देशावरची माणसं. मटणाला नाही म्हणत नाही, पण माशाचा काटा म्हटलं की आपल्या घशात आवंढा. आमच्या घरात तर मासा चिमट्यानं काटे शोधत खातात, म्हणजे खातच नाहीत. आणि ही बाई दोन-दोन वर्षांच्या पोरांना मासा भरवत होती.

तिनं आमच्याकडं बघितलं, घाई केली नाही. "बैठिए दीदी। खाने का टाइम है, बात बाद में होगा।"

आम्ही बसलो. ती प्रत्येक तुकडा बोटांनी उसवायची, काटा काढून वाटीत टाकायची, मग तोच तुकडा अंगठ्याखाली पुन्हा दाबून बघायची, मग भातात कालवायची. दोनदा. प्रत्येक वेळी दोनदा. कुणी रडलं, कुणी ओढलं, बाहेर भंगारवाला ओरडला, तरी दुसऱ्यांदा दाबल्याशिवाय एक घास पुढं गेला नाही. ताटाच्या कडेनं तिनं लहान लहान घास वळून ठेवले होते, प्रत्येकाच्या नावाचा एक. आई उठली आणि न विचारता आत गेली. मला वाटलं चिडून चालली. ती मोरी बघायला गेली होती. परत आली, बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "कोरडी आहे. आणि कोपऱ्यात पोरांच्या उंचीला बादली ठेवलीय." बाबा असते तर त्यांनी जागेवर शिक्का मारला असता.

आणि मग सई माझ्या मांडीवरून उतरली. तुरुतुरु गेली, घोषबाबूंच्या नातवाच्या शेजारी जागा करून बसली आणि तिनं तोंड उघडलं.

बुलामासीनं मला नजरेनं विचारलं. मी आईकडं बघितलं. आईनं अडवलं नाही, आणि मग मी मान हलवली. दहावा घास वळला गेला. सईनं तो खाल्ला आणि पुन्हा तोंड उघडलं. हीच ती पोर, जिच्या मागं अंगणात तीन फेऱ्या घातल्याशिवाय वरणभाताची वाटी संपायची नाही.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. इतकं हलकं मला मिरज सुटल्यापासून वाटलं नव्हतं. आणि शेजारी आईचा चेहरा पडलेला होता. रागानं नव्हे. आपल्याशिवाय पोर जेवते, हे तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पदरानं सईच्या हनुवटीवरचं शीत पुसलं.

नंतर बोलणं झालं. सोमवारपासून सईला घ्यायला बुलामासी तयार होती. आम्ही मराठी म्हटल्यावर ती खूप हसली. म्हणाली, आमच्याकडं पूर्वी मुलं झोपेनात तर त्यांना मराठ्यांची भीती घालायचे. मी आईला ते समजावून सांगितलं. आई एवढ्या अवघड वेळीसुद्धा म्हणालीच, "आणि आता मराठ्यांचंच पोर हिच्या हवाली."  घरी मात्र स्वेटरांच्या घड्या तशाच पडून होत्या. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

रविवारी तिची गाडी दुपारची होती. सकाळी कालीघाटला जाऊन ओटी भरायची, तिथून परत येऊन हावड्याला, असं ठरलं होतं. खाकी पिशवी घेऊन आम्ही तिघी ऑटोत बसलो. गल्लीच्या तोंडाशी आई म्हणाली, "थांबव."

"आई, कालीघाट अजून लांब आहे."

"माहितीये. आधी तिच्याकडं चल."

रविवार असल्यामुळे मुलं नव्हती. बुलामासी दारात बसून पालेभाजी निवडत होती. आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "ओटी भर तिची. माझी नात तिच्या मांडीवर बसणार आहे. देवीला काय, देवी समजून घेईल." स्वतः ती दोन पावलं मागं सरकली, भिंतीपाशी. आपल्या हातून ओटी भरायची नाही, हे तिनं स्वतःपुरतं ठरवूनच टाकलं होतं.

मी बुलामासीला पाटावर बसवलं. करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाकडं नेलं. तशी ती झटकन मागं झाली. दोन्ही हात जोडले.

"नहीं दीदी, ये हमको नहीं चलेगा। हमारा आदमी नहीं है। ग्यारह साल हो गया।" मग माझी नजर तिच्या टिकलीवर गेलेली बघून ती ओशाळली. "ये तो हम ऐसे ही लगाते हैं। बच्चा लोग को अच्छा लगता है।"

माझं बोट हवेतच राहिलं. आम्ही दोघी त्या लाल टिकलीला फसलो होतो. आपल्याकडं कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू बघितलं की आपण पुढचं विचारतच नाही. इकडं सवाष्ण ओळखायची ती भांगातल्या शेंदरावरून आणि हातातल्या शंखाच्या बांगडीवरून, हे मला ठाऊक नव्हतं, आईला तर नव्हतंच. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आता काय करायचं? ओटी परत पिशवीत भरायची? त्याहून मोठा अपमान कुठला?

आई भिंतीपासून पुढं आली. तिला त्या हिंदीतलं सगळं कळलं होतं. तिनं करंडा माझ्या हातातून घेतला आणि झाकण लावलं. "आणखी कशाला लावतेस?" ती म्हणाली. "आहे की तिच्या कपाळावर."

मग खण, नारळ, तांदूळ तिनं स्वतःच्या हातात घेतले. अडीच वर्षांत तिनं ओटीच्या सामानाला हात लावलेला मी बघितला नव्हता. "घे बाई," ती मराठीतच म्हणाली, जणू समोरची मिरजेच्या बाजारातलीच होती. "पदर पसर." शब्द बुलामासीला कळले नसतील, पण तिनं पदर पसरला. आईनं खण ठेवला, आमच्या दारचा नारळ ठेवला, वर ओंजळभर तांदूळ घातले. सईनं खाली सांडलेले दाणे वेचून बुलामासीच्या ओटीत टाकले. त्या दोघी बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघी रडत होत्या, आणि मी तर कधीपासूनच.

ऑटोत आई म्हणाली, "आधी कळलं असतं तर मी तुला ओटी भर म्हणाले नसते." थोड्या वेळानं म्हणाली, "बरं झालं कळलं नाही."

कालीघाट राहिलं ते राहिलंच. हावड्याला निखिलनं तिची पिशवी बर्थखाली सरकवली. सईचे स्वेटर तिनं परत कपाटात लावून ठेवले होते, ते मला त्या दिवशी संध्याकाळी दिसले. गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून माझी बोटं धरली आणि म्हणाली, "पाच वर्षांची होईपर्यंत तिकीट लागत नाही तिला. तोवर जितक्या वेळा येता येईल तितक्या वेळा घेऊन ये." सईनं गाडीच्या भोंग्याला उत्तर दिलं, आणि माझी आई एकटी गेली.

सोमवारी मी गळ्यात ओळखपत्र अडकवून अठराव्या मजल्यावर गेले. लिफ्टमध्ये हसत होते. लोकांना वेडी वाटले असेन.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. सईला मराठी येतं, पण त्याला इकडचा वास लागलाय. भूक लागली की ती बंगालीतच रडते, लाडात आली की मराठीत. मासा तर असा खाते की मी तोंडात बोट घालते. तिची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे, की मला घास वळता येत नाहीत. निखिल रोज पाच वाजता ऑफिसातून सात मिनिटं चालत जातो आणि तिला खांद्यावर बसवून नदीकाठानं आणतो. तो म्हणतो, ही त्याच्या नोकरीतली सगळ्यात मोठी बढती. मी साडेसातला पोचते तेव्हा दोघांनी माझ्याबद्दल बरीच चर्चा केलेली असते. कधी वाईट वाटतं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सलग गोष्ट सांगायला लागली, ती तिनं बुलामासीला सांगितली, मला नाही. तेव्हा आईचा तो पडलेला चेहरा मला नव्यानं कळला.

या मे महिन्यात मिरजेला गेलो. अर्थात सईचं तिकीट न काढता. आईनं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. तिच्या कपाळावर टिकली होती. लहानशीच, मरून रंगाची.

मी काही विचारायच्या आत ती सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "बच्चा लोग को अच्छा लगता है."

दुपारी तिनं सईच्या मागं अंगणात फेऱ्या घातल्या नाहीत. फरशीवर ताट घेऊन बसली, सईच्या बाहुल्या गोल करून मांडल्या आणि ताटाच्या कडेनं वरणभाताचे घास वळून ठेवले. शिंदेकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, हे काय नवीन? आई म्हणाली, आमच्या कोलकात्याला असंच भरवतात. आमच्या! जेमतेम पंधरा दिवस राहिलेली बाई. मी हसले, आणि मग जरा वेळ परसात माडाखाली जाऊन उभी राहिले.

तर सुजाता, डे-केअर असं निवडायचं. न सांगता जायचं, जेवणाच्या वेळी जायचं, मोरी बघायची. आणि बाहेर पडून रस्त्यावर आलीस की स्वतःकडं बघायचं, तुझी मान मागं वळते का. माझी त्या गल्लीत वळत नाही. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपण परत जातो ते. आता वाटतं, पोर ठेवून जिथून निर्धास्त पाठ फिरवता येते ते घर. अशी दारं मला जगात दोन आहेत, एक मिरजेत आणि एक हिरव्या झडपांच्या खिडक्यांशेजारी, आणि दोन्ही दारांशी माझी पोर रडत नाही.

निघताना आईनं तीच खाकी पिशवी माझ्या हातात दिली. आत दोन खण होते, दारचे दोन नारळ आणि तांदळाची पुडी.

"एक कालीमातेचा," ती म्हणाली. "तिचा अजून राहिलाय, या वेळी विसरू नकोस. आणि दुसरा तुला माहितीये कुणाचा. आधी तो दे."